पायताण बाहेर, बूट आत!

जिम लावायचं ठरलं की आपली चर्चा कुठून सुरू होते? प्रोटीन कुठलं घ्यायचं, चेस्ट कुठल्या वारी मारायची आणि महिन्याची फी किती. नवा टी-शर्ट येतो, शेकर येतो, एखादा भिडू तर पहिल्याच आठवड्यात हातमोजेही घेऊन येतो. पायात मात्र तेच असतं जे आधीपासून असतं. कॉलेजला घालायचे जाड सोलचे स्नीकर्स, पळण्यासाठी घेतलेले मऊ रनिंग शूज, नाहीतर सरळ चप्पल.

आता साधा हिशोब करा. खांद्यावर साठ किलोचा रॉड घेऊन तुम्ही स्क्वॉट मारताय. तुमचं स्वतःचं वजन पासष्ट. म्हणजे एकूण सव्वाशे किलो. हे सगळं वजन शेवटी येतं कुठं? तुमच्या दोन तळव्यांवर. घर बांधताना आपण आधी पाया बघतो, मग वरच्या मजल्याचा विचार करतो. शरीर बांधताना मात्र पायाकडेच आपलं लक्ष नसतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. जिम तुमच्या एकट्याची नसते. तुमच्या शेजारी कुणीतरी बेंच मारतंय, मागे कुणी डंबेल उचलतंय, खाली कुणाचं तरी घर आहे. त्यामुळे पायात काय घालायचं आणि चार लोकांत कसं वागायचं, हे दोन प्रश्न दिसायला वेगळे असले तरी एकमेकांना चिकटलेले आहेत. दोन्हींची किंमत चुकवावी लागते ती बऱ्याचदा गुडघ्याने, कमरेने, नाहीतर पायाच्या अंगठ्याने!

पेठेला शिस्त नवीन नाही

शिवाजी पेठेत राहणाऱ्याला किंवा इथे रूम घेऊन शिकणाऱ्याला व्यायाम शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. निवृत्ती चौकातल्या अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून उभा मारुती चौकापर्यंत आणि गांधी मैदानापासून रंकाळ्यापर्यंत एक चक्कर मारा. तालमींची नावं वाचतच तुम्ही घरी पोहोचाल. इथली तालीम म्हणजे नुसती कुस्तीची जागा नाही. फुटबॉलचा संघ तालमीचा, गणपती तालमीचा, पूर आला की मदतीला धावणारी पोरंही तालमीचीच. खंडोबा तालीम असो, संध्यामठ असो की शिवाजी तरुण मंडळ, पेठेतल्या माणसाला 'कुठला तू?' असं विचारलं तर तो गल्लीच्या आधी तालमीचं किंवा मंडळाचं नाव सांगतो.

या तालमींच्या जुन्या शिस्तीत एक नियम अगदी पहिला होता, आणि जिथे लाल माती आहे तिथे तो आजही आहे. पायताण बाहेर. हौद्यात उतरायचं ते अनवाणी. उतरताना माती कपाळाला लावायची, मारुतीला नमस्कार करायचा आणि मग वस्तादांकडे बघायचं. हौद्यातल्या मातीत ताक, तेल, हळद, काव असं बरंच काही मिसळतात, ती रोज उकरतात, मऊ ठेवतात. तिथे रस्त्यावरची घाण चपलेला चिकटून आत आली, तर ती थेट पैलवानाच्या अंगाला लागणार. म्हणजे या नियमात श्रद्धा आहे तशी स्वच्छताही आहे.

दुसरा नियम असा की करेला फिरवून झाला, मुद्गल उचलून झाला, की तो जिथून घेतला तिथेच परत ठेवायचा. तिसरा, माती उकरायचं कामही सरावाचाच भाग. आलो, व्यायाम केला आणि निघून गेलो, असं तालमीत चालत नाही. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे याच शहरात घडले. गणपतराव आंदळकरांचं नाव मोतीबाग तालमीशी कायमचं जोडलं गेलं. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानाने शंभरी कधीच ओलांडली. एवढा मोठा वारसा नुसत्या ताकदीवर उभा राहत नाही, त्याला शिस्त लागते.

आता हीच शिस्त आपण एसी जिममध्ये नेतो का? दारावर 'आउटसाइड शूज नॉट अलाउड' असा कागद चिकटवलेला असतो. आपण तो वाचतो, आणि कॉलेजवरून आलेल्या त्याच बुटांत आत शिरतो.

जमीन बदलली की पायातलं बदलतं

'तालमीत अनवाणी चालतं, मग जिममध्ये का नाही?' हा प्रश्न रास्त आहे. उत्तर जमिनीत आहे. मऊ मातीत बोटं रुततात, पायाला पकड मिळते, पडलं तर माती झेलते. मॅट आली आणि गणित बदललं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकला ते गेले तेव्हा मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम, दोन्ही त्यांना नवे होते. तरीही ते सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ला हेलसिंकीमध्ये त्यांनी ब्राँझ जिंकलं आणि स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून दिलं. आज आंतरराष्ट्रीय कुस्तीत मॅटवर घोटा पकडून ठेवणारे बूट सक्तीचे आहेत. टाच असलेले, खिळे असलेले किंवा धातूचं बक्कल असलेले बूट चालत नाहीत, कारण त्याने समोरच्याला इजा होईल. बघा, बुटाच्या नियमातसुद्धा समोरच्याचा विचार आहे.

वजन उचलण्याच्या खेळांतही तसंच. वेटलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अनवाणी उतरता येत नाही. पायाला संरक्षण आणि उभं राहायला स्थिरता देणारे बूट हवेतच. सोल बुटाच्या कडेबाहेर ५ मिलिमीटरपेक्षा जास्त आलेला चालत नाही. पॉवरलिफ्टिंगमध्येही बूट सक्तीचे, आणि तळाची जाडी ५ सेंटिमीटरच्या आत हवी. सध्याच्या फॅशनमधले ते ढगासारखे जाड स्नीकर्स आठवले ना?

रनिंग शूजचं चुकतं कुठे?

रनिंग शूज वाईट नसतात. ते दुसऱ्या कामासाठी बनवलेले असतात, एवढंच. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीचा धक्का बसतो. तो शोषून घ्यायला सोलमध्ये मऊ फोम भरलेला असतो. रंकाळ्याला चार फेऱ्या मारायला तो उत्तम. पण खांद्यावर वजन असताना हाच फोम दगा देतो. वजन आलं की तो दबतो, आणि सगळीकडे सारखा दबत नाही. जुन्या बुटात तर एक बाजू आधीच झिजलेली असते. पाय किंचित आत कलंडतो, त्याच्यामागे गुडघा आत जातो, आणि गुडघा आत गेला की वरचं सगळं गणित बिघडतं.

गादीवर उभं राहून बादली उचलून बघा आणि मग फरशीवर उभं राहून तीच बादली उचला. फरक लगेच कळेल. गादीवर निम्मी ताकद तोल सांभाळण्यातच जाते.

आपला जुना बूट लिफ्टिंगला चालेल का, हे तपासायची सोपी युक्ती आहे. टाचेजवळचा सोल अंगठ्याने जोरात दाबा. स्पंजासारखा आत गेला तर तो पळायला ठेवा. मग बूट सपाट फरशीवर ठेवून मागून बघा. एका बाजूला कललेला दिसला तर त्याला लिफ्टिंगमधून सरळ निवृत्ती द्या.

मग घालायचं काय?

हे तुम्ही काय उचलता त्यावर ठरतं.

डेडलिफ्टला पातळ, सपाट, कडक सोल सगळ्यात चांगला. तुम्ही जमिनीच्या जितके जवळ, तितकं रॉडला वर यायचं अंतर कमी. टाच उंच असेल तर वजन पुढे, बोटांकडे सरकतं आणि कमरेवर ताण वाढतो. म्हणूनच स्पर्धेतले बरेच जण डेडलिफ्टला चक्क स्लिपरसारखे पातळ बूट किंवा कुस्तीचे बूट घालतात. कोल्हापुरात कुस्तीचे बूट शोधायला लांब जावं लागत नाही, हा आपला फायदाच.

स्क्वॉटला दोन पर्याय आहेत. ज्यांचे घोटे लवचिक आहेत आणि टाच न उचलता जे पूर्ण खाली बसतात, त्यांना सपाट बूट पुरतो. ज्यांची खाली जाताना टाच उचलते किंवा छाती पुढे झुकते, त्यांना वेटलिफ्टिंगचे खास बूट उपयोगी पडतात. या बुटांची टाच साधारण १५ ते २० मिलिमीटर वर असते, पण ती मऊ नसते, दगडासारखी घट्ट असते. पूर्वी ती लाकडाची किंवा चामड्याचे थर देऊन बनवत, आता कडक प्लॅस्टिकची असते. टाच वर गेल्याने घोट्याला कमी वाकावं लागतं आणि पाठ ताठ ठेवून खोल बसता येतं. वरून एक पट्टा असतो, त्यामुळे पाय बुटात हलत नाही.

स्नॅच आणि क्लीन अँड जर्क, म्हणजे ऑलिम्पिकमधले दोन प्रकार, शिकायचे असतील तर मात्र हे बूट घ्याच. पण एक अट. आधी शिकवणारा शोधा, मग बूट.

बेंच प्रेस, शोल्डर प्रेस, डंबेलचे व्यायाम या सगळ्यांना कुठलाही सपाट, न घसरणारा बूट चालतो. बेंचवर आडवं पडल्यावर पायाचं काही काम नसतं असं वाटतं, पण तळवे जमिनीत रोवलेले असले की वरचा रॉड स्थिर राहतो.

आता पैशाचं बोलू. वेटलिफ्टिंगचे ब्रँडेड बूट हजारांच्या घरात जातात. मेस, रूमभाडं आणि कॉलेजची फी भरून उरलेल्या पैशात ते बसत नाहीत, हे मान्य. चांगली बातमी अशी की पहिली एक-दोन वर्षं त्यांची गरजही नसते. शाळेत पी. टी.च्या तासाला घालायचो ते कॅनव्हासचे बूट आठवतात? सपाट, पातळ रबरी सोल, वजनाने हलके. डेडलिफ्टला आणि स्क्वॉटला तेच मस्त. फक्त दोन गोष्टी बघून घ्या, बूट पायाला घट्ट बसतो ना, आणि लेस सुटत नाही ना. लोंबणारी लेस घेऊन वजन उचलणं म्हणजे हँडब्रेक न लावता उतारावर गाडी ठेवणं.

चप्पल, क्रॉक्स, स्टड आणि अनवाणी

कोल्हापुरी चप्पल ही आपली शान. २०१९ला तिला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडच्या जिल्ह्यांना मिळून. २०२५ला तर तिच्यासारखीच चप्पल प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये दिसली आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला. पण शान ती शान आणि स्क्वॉट तो स्क्वॉट. चामड्याचा गुळगुळीत तळ जिमच्या रबरी मॅटवर किंवा टाइल्सवर घसरतो, टाचेला मागून काही पकड नसते आणि बोटं उघडी. कोल्हापुरी घालून जिमला या, पण ती दाराशी काढा.

क्रॉक्स आणि रबरी स्लिपर यांचंही तेच. पाय आतल्या आत सरकतो. लेग प्रेसच्या प्लेटवर घामेजलेली स्लिपर सटकली तर काय होईल, याची कल्पना करा.

पेठेत आणखी एक प्रकार दिसतो. मैदानावरून प्रॅक्टिस संपवून थेट जिममध्ये, तेही स्टडमध्ये! फुटबॉलचे स्टड मातीत रुतण्यासाठी असतात. टाइल्सवर ते घसरतात, आणि रबरी मॅटचं वाटोळं करतात ते वेगळंच.

राहता राहिलं अनवाणी. डेडलिफ्टपुरतं अनवाणी उभं राहायला तुमच्या जिमची हरकत नसेल तर तोल उत्तम साधतो, हे खरं. पण सार्वजनिक जिममध्ये रोज शंभर-दीडशे लोकांचा घाम जमिनीवर पडतो. ओलसर पायांना बुरशीची लागण पटकन होते. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात त्या ज्याला झाल्यात, त्याला वेगळं सांगायला नको. शिवाय कुणीतरी अडीच किलोची प्लेट पायवाटेत ठेवलेली असते, आणि करंगळी नेमकी तीच शोधते. नुसत्या मोज्यांवर फिरणं तर सगळ्यात वाईट, कारण त्यात घसरणंही आलं आणि लागणंही.

पावसाळ्याचा वेगळा नियम

कोल्हापूरचा पाऊस काही चार दिवसांचा पाहुणा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी वाढायला लागते तेव्हा शहरात कोरडा बूट दिसणं मुश्कील. अशा दिवसांत जिमचा बूट वेगळ्या पिशवीत घेऊन जाणं याला पर्याय नाही. ओला सोल टाइल्सवर साबणासारखा सरकतो. तुमच्या बुटाचा चिखल मॅटवर पडतो, आणि त्याच मॅटवर पाच मिनिटांनी कुणीतरी पाठ टेकून पोटाचे व्यायाम करणार असतं. तालमीतला 'पायताण बाहेर' हा नियम इथे जसाच्या तसा लागू होतो. बाहेरचं बाहेर काढा, आतलं आत घाला. सराव झाल्यावर बूट पिशवीत कोंडून ठेवू नका. रूमवर आल्यावर फॅनखाली ठेवा, आत जुना पेपर कोंबा. रूम पार्टनर दुवा देतील.

बूट म्हणजे चिलखत नव्हे

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'बूट घातलाय, आता पाय सेफ' असं वाटत असेल तर तसं नाही. वीस किलोची प्लेट कमरेच्या उंचीवरून पायावर पडली, तर कॅनव्हासचा असो की दहा हजारांचा, कुठलाही स्पोर्ट्स शू तुमचं बोट वाचवणार नाही. बूट खरचटण्यापासून, ठेचेपासून, घसरण्यापासून वाचवतो. पडणाऱ्या वजनापासून वाचवते ती जिममधल्या सगळ्यांची मिळून असलेली शिस्त.

पहिली शिस्त प्लेटांची. सेट संपला की प्लेटा काढून स्टँडवर लावा. जड खाली, हलक्या वर. तुमच्यानंतर येणारी एखादी पन्नास किलोची फर्स्ट इयरची मुलगी असू शकते. तुम्ही सोडून गेलेल्या शंभर किलोच्या रॉडवरून वीस-वीसच्या प्लेटा उतरवत बसणं हे तिचं काम नाही. आणि जमिनीवर पसरलेली प्लेट ही पाठीमागे सरकणाऱ्या माणसासाठी सापळाच असतो.

दुसरी, प्लेटा काढण्याची पद्धत. रॅकवर ठेवलेल्या रॉडच्या एका बाजूच्या सगळ्या प्लेटा आधी काढल्या, तर दुसऱ्या बाजूच्या वजनाने रॉड उलटतो आणि रिकामं टोक हवेत उडतं. शेजारी उभ्या असलेल्याच्या हनुवटीची ती वेळ वाईट असते. म्हणून एक इकडची, एक तिकडची, असं आलटून पालटून काढा.

तिसरी, क्लिपा. रॉडच्या दोन्ही टोकांना क्लिप लावायला पाच सेकंद लागतात. रॉड किंचित तिरका झाला तरी प्लेट सरकत नाही. 'हलकंच वजन आहे, कशाला क्लिप?' असं म्हणणाऱ्याच्या पायाचा अंगठा हलकं-जड बघत नाही.

चौथी, चालण्याची वाट. कुणी डेडलिफ्ट किंवा स्क्वॉट मारत असेल तर त्याच्या समोरून, अगदी जवळून जाऊ नका. त्याचं लक्ष विचलित होतं. सेट संपेपर्यंत दहा सेकंद थांबा. जग कुठे चाललंय?

खाली कुणाचं तरी घर आहे

जाहिरातीतल्या जिममध्ये पोरं वजन वरून सोडतात आणि धाडकन आवाज येतो. बघायला भारी वाटतं. पण तिथे खाली लाकडी प्लॅटफॉर्म असतो आणि प्लेटा जाड रबराच्या, पाडण्यासाठीच बनवलेल्या असतात. लोखंडी प्लेटा आणि साध्या टाइल्सवर हा प्रयोग केला तर टाइल फुटते, रॉड वाकतो, आणि प्लेट उसळून कुठे जाईल याचा नेम नाही.

आणि पेठेतल्या गल्ल्या आठवा. भिंतीला भिंत लागलेली घरं, खाली दुकान, वर जिम, शेजारी कुणाची तरी आजी झोपलेली. सकाळी साडेपाचला वरून शंभर किलो आदळलं की भांड्यांची मांडणी हलते. मार्च-एप्रिलमध्ये शेजारच्या खिडकीत कुणीतरी परीक्षेचा अभ्यास करत असतं, कदाचित तुमच्याच वर्गातलं. वजन उचलता येतं तसं ते सावकाश खाली ठेवताही आलं पाहिजे. खाली आणतानाही स्नायू काम करतच असतात, त्यामुळे ही मेहनत वाया जात नाही. जे वजन तुम्ही शांतपणे ठेवू शकत नाही, ते बहुतेक वेळा तुमच्या ताकदीबाहेरचं असतं.

हीच गोष्ट गाण्यांची आणि आरोळ्यांची. शेवटच्या रेपला तोंडातून आवाज निघणं स्वाभाविक आहे. पण प्रत्येक रेपला गर्जना केलीत तर लोक तुमच्या ताकदीकडे नाही, दरवाजाकडे बघायला लागतात.

'भावा, जरा सपोर्ट दे'

जिममधलं सगळ्यात सुंदर वाक्य हेच. अनोळखी माणूस क्षणात आपला होतो. पण सपोर्ट मागायची आणि द्यायचीही रीत असते. मागणाऱ्याने आधीच सांगावं, किती रेप मारणार, कधी हात लावायचा. देणाऱ्याने पूर्ण वेळ रॉडकडे बघावं, समोरच्या आरशात स्वतःकडे नाही. पहिल्याच रेपपासून रॉड ओढू नका, तसं केलं तर बेंच त्याची आणि वर्कआउट तुमचा होतो. बेंचवर एकटे असाल आणि वजन जड असेल तर लाजू नका, सपोर्ट मागा. छातीवर रॉड अडकून पडण्यापेक्षा दोन शब्द बोलणं सोपं.

सामान कमी आणि माणसं जास्त, ही आपल्याकडच्या संध्याकाळच्या बॅचची खरी अडचण. त्यावर उपाय साधा आहे. 'किती सेट राहिले?' असं विचारा आणि 'मधे एक सेट मारू का?' असं म्हणा. तुमच्या विश्रांतीच्या दोन मिनिटांत दुसऱ्याचा सेट होतो. टॉवेल टाकून किंवा बाटली ठेवून मशीन अडवणं म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणं. एसटीत चालतं, इथे नको. आणि स्क्वॉट रॅकमध्ये उभं राहून बायसेप्स मारू नका. बायसेप्स कुठेही उभं राहून मारता येतात, स्क्वॉट फक्त तिथेच.

बेंचवरून उठल्यावर घाम पुसायचा, हे सांगावं लागू नये. नॅपकिन पिशवीत असू द्या.

तीही इथे उचलायलाच आलीय

तालमीच्या परंपरेत बराच काळ मुलींना जागा नव्हती, हे खरंच आहे. आता जिममध्ये मुली येतात, वजनाच्या बाजूला येतात, आणि येणारच. मीराबाई चानूने टोकियोत एकूण २०२ किलो उचलून रौप्य जिंकलं, ते ४९ किलो वजनी गटात. म्हणजे स्वतःच्या वजनापेक्षा दुपटीहून जास्त वजन तिने नुसत्या क्लीन अँड जर्कमध्येच डोक्यावर घेतलं.

तेव्हा शेजारी एखादी मुलगी स्क्वॉट मारत असेल तर टक लावून बघू नका, आरशातूनही नाही. तिने विचारल्याशिवाय 'असं नाही, असं कर' असे धडे देऊ नका. खरंच धोका दिसत असेल तर ट्रेनरना सांगा. हा नियम मुलांशी वागतानाही लागू आहे. दोन महिन्यांत आपण सगळेच स्वतःला वस्ताद समजायला लागतो, पण वस्ताद व्हायला आयुष्य जातं.

मोबाइलचंही तेच. स्वतःचा फॉर्म तपासायला व्हिडिओ काढणं उपयोगाचं आहे. पण तुमच्या रीलमागे घामाघूम झालेलं कुणीतरी नकळत दिसतं. त्यांनी त्याला होकार दिलेला नसतो. कॅमेरा भिंतीकडे करा, फ्रेममध्ये कुणी असेल तर विचारा, नाहीतर क्लिप टाकू नका.

आपल्याच जिल्ह्यातले धडे

वजन उचलण्यात काय करता येतं, हे बघायला दूर जायला नको. शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडच्या गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघांनी २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगची ब्राँझ पदकं मिळवली. एकाच छोट्या गावातून तिघं! शेजारच्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ला बर्मिंगहॅममध्ये ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य जिंकलं. सुवर्ण मिळवणाऱ्याने २४९ उचलले होते. फरक एका किलोचा. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात कोपराला दुखापत झाल्यावरही संकेत तिसऱ्या प्रयत्नाला उतरला होता.

या पातळीवरची माणसं एकेका किलोचा हिशोब ठेवतात. आणि आपण? मित्राने ऐंशी मारले म्हणून साठवरून सरळ ऐंशीवर उडी मारतो. प्लेटा अडीच आणि सव्वा किलोच्याही असतात, त्या काही शोभेसाठी नाहीत. या आठवड्यात अडीच वाढवा, पुढच्या आठवड्यात बघू.

पिशवीत काय हवं?

– सपाट, कडक सोलचे बूट, फक्त जिमपुरते
– कोरडे मोजे, रोज धुतलेले
– घाम पुसायला नॅपकिन, बेंचवर अंथरायला टॉवेल
– पाण्याची बाटली, नाव लिहिलेली
– पावसाळ्यात ओल्या चपलांसाठी वेगळी प्लॅस्टिक पिशवी
– छोटी वही, किती उचललं ते लिहायला

एवढ्या सामानाला फार पैसे लागत नाहीत. उद्या सकाळी जिमच्या दाराशी पोहोचलात की पायातलं काढा, आतलं घाला, लेस दोनदा बांधा. आत गेल्यावर कुणीतरी काल सोडून गेलेली प्लेट जमिनीवर दिसेल. ती तुमची नसली तरी उचलून स्टँडवर लावा. वॉर्मअपचा पहिला रेप तोच समजा.